बालक ब

सोपान भगवान खरमाटे, वय एक्केचाळीस, धंदा मोटर रिवाइंडिंग, यांना अकरा जूनला सरकारी बालगृहात दाखल करून घेण्यात आलं. तिथे एकोणीस दिवसांत त्यांचं वजन, वर्तन आणि चित्रकला या तिन्हींत समाधानकारक सुधारणा झाली.

असं काही झालेलं नाही. विभागीय बालमन मंडळानं तसं लेखी कळवलंय, जावक क्रमांकासकट. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरून चालू. झालं ते एवढंच, की आठ वर्षांच्या एका मुलीचा हात बापाचं चित्र काढण्याआधी अकरा सेकंद थांबला.

ती मुलगी जुई. वाळवणी गावात बाजाराच्या मागच्या गल्लीत सोपानचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर बापलेक राहायचे. जुईची आई रंजना दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेली. तेव्हापासून जुईच्या वेण्या सोपान घालायचा. जळालेल्या मोटरीत तांब्याची तार भरणाऱ्या माणसाच्या हातच्या वेण्या त्या. पेड मोजलेले, ताण सगळीकडे सारखा, आणि शेंड्याची गाठ अशी की संध्याकाळी रबर कात्रीनं कापावं लागायचं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, वादळ आलं तर या पोरीची फक्त वेणी जागेवर राहील.

तर अकरा सेकंद. ते मोजले मनपाटीनं.

मनपाटी दिसायला साधी पाटी. वर कागद लावायचा, रंगीत खडू घ्यायचे, घरातली माणसं काढायची. कागदाखाली एक पापुद्रा, त्यात दर चौरस सेंटिमीटरला चार हजार संवेदक. हात किती दाबला, किती थरथरला हे तर त्यांना कळायचंच. पण खडू टेकण्याआधी हात हवेत किती वेळ थांबला हेही कळायचं, कारण हात जवळ आला की पापुद्र्यावरचं विद्युतक्षेत्र किंचित बदलतं. खरा शोध या थांबण्याचा होता. एखाद्या माणसाला कागदावर आणण्याआधी हात जो अडतो, त्या अडण्यात त्या माणसाबद्दलचं मन असतं, असं वीस लाख मुलांच्या चित्रांवरून निघालं. तोंडानं खोटं बोलता येतं, चेहऱ्यानं येतं. खडू आणि कागद यांच्यामधल्या दोन बोटं हवेत खोटं बोलायला मेंदूला सवड मिळत नाही.

पहिल्या दोन वर्षांत पाटीनं शेकडो मुलं मारझोडीच्या घरांतून बाहेर काढली. हे खरोखर चांगलं झालं. ते चांगलं झालं म्हणूनच पुढचं झालं. नियम आला की प्रत्येक मुलानं दर तीन महिन्यांनी पाटीवर कुटुंब काढायचं. शंभरपैकी चाळीसच्या खाली जवळीक आली तर आणखी दोन संधी. त्यातही नाही जमलं तर मूल बालगृहात.

जुईला एकतीस मिळाले. निकालात लिहिलं होतं: ‘पात्र २, पिता. रेखाटनापूर्वी विराम ११.४ सेकंद. निष्कर्ष: भय.’

सोपाननं ते तीनदा वाचलं. मग त्यानं जुईला समोर बसवून विचारलं, की मी तुला कधी मारलंय का. जुईनं बराच विचार केला आणि सांगितलं, एकदा पाठीवरचा डास मारला होता. सोपाननं तेही एका कागदावर तारखेसकट लिहून ठेवलं, पुढं कुणी विचारलं तर लपवलं असं नको.

अशा वेळी वाळवणीत जे होतं तेच झालं. क्लास निघाला. झगडे सर पूर्वी स्कॉलरशिपचं गणित घ्यायचे, आता ‘आनंदी कुटुंब: हमखास चाळीस प्लस’ घ्यायला लागले. सूर्य डावीकडे, सगळ्यांचे हात हातात, बापाचं तोंड उघडं पण दात तीनच, कारण चार काढले की पाटी तो राग म्हणून धरते. आई वारलेली असेल तर ढगाशेजारी एक चांदणी चालेल, दोन नकोत, दोन्ही पालक वारले असा पाटीचा गोंधळ होतो. बापांनी मागच्या बाकावर बसून नोट्स घ्यायच्या. सोपाननं घेतल्या. जुई रोज घरी येऊन दहा आनंदी कुटुंबं काढायची आणि अकरावं काढताना रडायची. सोपान शेजारी बसून सूर्य डावीकडे आहे का बघायचा.

दुसऱ्या चाचणीत बावीस आले. शेरा होता: ‘पाठांतरित आनंद.’ झगडे सर म्हणाले, पेपर अवघड काढलाय यंदा.

दोन चाचण्यांत नापास झालेल्या कुटुंबाला सहा बैठकांचा चित्रोपचार सक्तीचा होता. तो द्यायच्या मैथिली उपळेकर मॅडम. वय पन्नाशीचं, साडीवर कायम मातीचे हात पुसलेले. पाटी यायच्या आधीपासून त्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन चित्रं काढायच्या, मातीकाम करायच्या. तेव्हा त्यांना बरे वाईट सगळे प्रश्न विचारायची मुभा होती. आता खडूंना टोकं काढायची आणि पाटीचं बटण दाबायचं, एवढं उरलं होतं. फक्त या सहा बैठकांत पाटी बंद असायची.

पहिल्याच बैठकीत त्यांनी बापलेकीला मिळून एकच मोठा कागद दिला. बोलायचं नाही, फक्त काढायचं. जुईनं मोटर काढली. मोटरीतून दोन तारा बाहेर आल्या आणि हवेतच संपल्या. सोपानला ते बघवेना. त्यानं खडू घेतला आणि दोन्ही तारा नीट बटणापर्यंत नेऊन जोडल्या.

मैथिली मॅडमनी त्याच्या हातातून खडू काढून घेतला.

“दुसऱ्याची रेघ पुरी करायची नाही, खरमाटे. ती तिची आहे.”

“मॅडम, तार उघडी सोडली की शॉक बसतो.”

“बसू दे. कागदावरच बसतोय.”

तिसऱ्या बैठकीत मॅडमनी जुईला सहज, माती मळता मळता, त्या अकरा सेकंदांचं विचारलं. जुईनं वर न बघता उत्तर दिलं.

“पप्पांचा रंग नव्हता खोक्यात. वार्निशचा. मी शोधत होते.”

सोपाननं आपले हात बघितले. कॉइलवर चढवायचं वार्निश वीस वर्षं चढत चढत कोपरापर्यंत गेलं होतं. साबणानं जात नव्हतं, रॉकेलनं जात नव्हतं. धड पिवळं नाही, धड तपकिरी नाही. बारा खडूंच्या खोक्यात असला रंग कोण कशाला ठेवेल. त्यानं हात टेबलाखाली घेतले आणि बैठक संपेपर्यंत वर काढले नाहीत.

मॅडमनी हे नोंदवायला घेतलं. विरामाच्या कारणासाठी यंत्रणेत आठ पर्याय होते, भयापासून तिरस्कारापर्यंत. ‘रंग शोधत होती’ हा नव्हता. त्यांनी ‘इतर’ निवडलं, तर उत्तर आलं की ‘इतर’ हे खबरदारी म्हणून भयात धरलं जाईल. त्यांनी मंडळाला सात पत्रं लिहिली. सातही पोचल्याची सात उत्तरं आली.

शेवटची चाचणी घरी होती. मुलांना ओळखीच्या जागी मोकळं वाटतं, म्हणून पाटी सकाळी घरी पोचवायची आणि दुपारी चारला उचलायची. जुईनं जेवण झाल्यावर चित्राला हात घातला. घर काढलं, स्वतःला काढलं, मग बापाचं डोकं, अंग, एक हात. इतक्यात खालून मैत्रिणीनं दोरीउड्यांना हाक मारली आणि ती खडू टाकून पळाली.

सोपान तीन वाजता चहा घेऊन वर आला तेव्हा कागदावरचा सोपान एका हाताचा होता. दुसरा हात खांद्याशीच संपला होता.

मुलांच्या प्रकल्पवह्या आईबापांनी पुऱ्या करणं याला आपल्याकडे कुणी गुन्हा म्हणत नाही. शाळेतले निम्मे ज्वालामुखी बापांनी केलेले असतात आणि त्यांना बक्षिसं मिळतात. सोपाननंही मागच्याच महिन्यात जुईची पवनचक्की केली होती, वाइंडिंगसकट. शाळेचा पंखा चालला होता त्यावर. इथे तर एका हाताचा प्रश्न होता. जुईला बोलवायला तो खिडकीपर्यंत गेला. ती खाली उड्या मारत होती, मोजत होती, सत्तावीस, अठ्ठावीस. क्लास सुरू झाल्यापासून ती अशी खेळलेली नव्हती. त्यानं हाक मारली नाही.

त्यानं हात काढला. खांद्यापासून, सावकाश, जुईच्या हातापर्यंत नेला आणि पोचवला. मग त्याला जुईच्या दुसऱ्या बाजूची रिकामी जागा दिसली. तिथे खडू नेला आणि हात अडला. रंजना भांग कुठल्या बाजूला पाडायची, ते आठवेना. चार दिवसांच्या तापात तिचे केस नुसतेच मागे बांधलेले होते आणि तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं. खडू कागदावर दोन बोटं तरंगत राहिला. खाली उड्या शंभरावर गेल्या, चुकल्या, पुन्हा एकपासून सुरू झाल्या. चहावर साय धरली. चाराला दहा कमी असताना त्यानं रंजना काढली, भांगाशिवाय, डोक्यावर पदर घेऊन. ती हयातीत कधी डोक्यावर पदर घेत नव्हती.

पाटीला त्या वीस लाख चित्रांतून एकच गोष्ट पक्की शिकवलेली होती, की चित्र काढतं ते मूल असतं. मोठ्या माणसाचा हात तिनं कधी पाहिलाच नव्हता, कारण मोठी माणसं चित्रं काढत नाहीत. तिनं दोन वेगळे हात ओळखले आणि दोन मुलं मोजली. बालक अ, जुई: अडतीस. बालक ब, त्याच पत्त्यावरचं, नाव शिधापत्रिकेवरून सोपान: चार. विराम एकतीस मिनिटं. ‘तीव्र एकाकीपणा. आजवरच्या नोंदींतील सर्वात कमी अंक. घरात प्रौढ व्यक्ती आढळत नाही. दोन्ही बालकांना तत्काळ ताब्यात घ्यावे.’

अकरा जूनला सकाळी गाडी आली. आदेश वाचून दाखवायला नियमाप्रमाणे उपळेकर मॅडम सोबत होत्या. गाडीबरोबरच्या शिपायानं आदेश बघितला, सोपानकडे बघितलं, पुन्हा आदेश बघितला आणि म्हणाला, दोन लिहिलेत म्हणजे दोन न्यावे लागतील, एक नेला तर दुसरा कुठं गेला म्हणून मला विचारतील.

सोपानला पहिल्यांदा फक्त अडतीसचा आकडा कळला. दोननं गेली पोरगी. त्यानं आक्षेपाचा अर्ज मागितला. मॅडमनी अर्ज पुढे केला आणि त्यावर हात ठेवून धरला.

“आक्षेप पालकाला घेता येतो. घेतलात की तुम्ही मोठे ठरता. मोठे ठरलात की इथेच राहता, आणि ती जाते.”

“आणि नाही घेतला तर?”

“गाडीत दोन सीट आहेत.”

सोपाननं दुकानात जाऊन मोटरींचे मालक ओळखू यावेत म्हणून प्रत्येकीला चिठ्ठी बांधली, शटर ओढलं आणि गाडीत जुईच्या शेजारी जाऊन बसला. शिपायानं विचारलं, बाळ, पट्टा लावलास का.

बालगृहाच्या अधीक्षिका लोणारे सोपानपेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या आणि त्यांना या नोकरीत निवृत्त व्हायचं होतं. संगणक म्हणत होता दाखल करा. त्यांनी दाखल केलं. उंची घेतली, वजन घेतलं, ‘वयाच्या मानाने वाढ चांगली’ असा शेरा मारला. जंताची गोळी दिली. ओळखीची खूण या रकान्यात त्या बराच वेळ अडल्या आणि शेवटी ‘मिशी’ लिहिलं. मुलांना बाळा म्हणूनच हाक मारावी असं परिपत्रक होतं, म्हणून त्या ‘सोपान बाळा, जरा इकडं येता का’ असं म्हणायच्या. मुलांच्या खोल्यांत मात्र त्यांनी त्याला ठेवलं नाही. कार्यालयाशेजारच्या सामानाच्या खोलीला ‘विलगीकरण कक्ष’ अशी पाटी लावून तिथे त्याची खाट टाकली. खाट बारा वर्षांच्या मापाची होती. पाय दारातून बाहेर यायचे आणि जाता येता मुलं त्यांना नमस्कार करायची.

बालगृहात आधीच एक सोपान होता, सहा वर्षांचा. म्हणून हा मोठा सोपान झाला. मोठ्या सोपाननं सकाळी ओळीत उभं राहून दूध घेतलं, नखं दाखवली, दुपारी बंद पडलेल्या पाण्याच्या पंपाची जळालेली मोटर तार भरून चालू करून दिली. त्याबद्दल त्याला सर्वांसमोर गोळी मिळाली. ती त्यानं जुईला दिली. जुई त्याच्या वेळेवर दात घासण्यावर लक्ष ठेवायची आणि चुकला तर सांभाळणाऱ्या ताईंना सांगायची.

रोज दहाला मॅडम यायच्या. बापलेक एकाच कागदावर काढायचे. सोपान आता तारा उघड्या सोडायला शिकला होता, दात आवळून.

दर मंगळवारी चाचणी. सलग तीनदा चाळीस आले की सुटका. सोपानला धास्ती ही होती की आपण आधी पास होऊ आणि पोरीला सोडून बाहेर जावं लागेल. म्हणून पहिल्या मंगळवारी तो जमेल तेवढं दुःख गोळा करून बसला. ताप आठवला, सलाइनची बाटली आठवली, पंचवीस अश्वशक्तीची एक मोटर त्याच्या चुकीनं जळाली होती ती आठवली. पण शेजारी जुई जीभ बाहेर काढून आभाळ रंगवत होती. त्याला एक्केचाळीस आले. जुईला चव्वेचाळीस.

मग मॅडमनी नियमांचं पुस्तक पालथं घालून वाट काढली. एका पत्त्यावरची दोन मुलं एकाच दिवशी सुटली आणि पालक नसले, तर धाकट्याला ‘कुटुंबातील ज्येष्ठ बालका’च्या हवाली करता येत होतं. म्हणजे दोघंही तिन्ही मंगळवार पास झाले, की एक जुलैला जुई रीतसर सोपानच्या ताब्यात जाणार होती. सोपाननं हे दोनदा समजून घेतलं आणि पंपाच्या खोलीत जाऊन पंप चालू असताना रडला. पंपाचा आवाज मोठा होता. दुसऱ्या मंगळवारी त्याला बावन्न आणि जुईला सत्तेचाळीस आले.

तीस जूनला, सोमवारी, पाटीची सुधारित आवृत्ती आली. तिला प्रौढ माणसाचा हात ओळखता येत होता. ही सुधारणा मंडळानं उपळेकर मॅडमच्या सात पत्रांची दखल घेऊन केली होती, असं सोबतच्या पत्रात कौतुकानं लिहिलं होतं.

सकाळच्या हजेरीत संगणकावर सेहेचाळीसऐवजी पंचेचाळीस मुलं दिसली. लोणारे बाईंनी पत्र मोठ्यानं वाचलं. अठरा वर्षांवरील व्यक्ती बालगृहात दाखल होऊ शकत नाही, सबब बालक ब कधीही दाखल झालेले नाही. त्याच्या नावावरच्या सर्व नोंदी रद्द. ज्या कागदांवर अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीनं भाग घेतला ते कागद रद्द. त्या कागदांच्या सरावावर आधारलेले बालक अ हिचे चव्वेचाळीस आणि सत्तेचाळीस, दोन्ही रद्द. बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी पहिल्यांदा त्याला बाळा म्हटलं नाही.

“खरमाटे, तुम्हाला जावं लागेल.”

जुई वर्गात होती. तिला बोलावता येणार नव्हतं, कारण भेटायला कुणी आलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची एकटीची चाचणी झाली. सव्वीस. बापाच्या चित्राआधीचा विराम त्रेपन्न सेकंद, निष्कर्ष तीव्र भय. तीसच्या खाली अंक असला की ज्याचं भय त्याला भेट बंद, तीही मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. सोपान फाटकाबाहेर उभा होता. मॅडम आतून आल्या, त्यांनी आकडे सांगितले आणि मग, त्रेपन्न सेकंदांचं विचारल्यावर जुई काय म्हणाली, तेही सांगितलं.

“म्हणाली, पप्पा कुठं काढायचे ते कळेना. आत का बाहेर.”

शिपाई म्हणाला, मिस्त्री, इथं उभं राहता येत नाही, ज्यांचं भय असतं त्यांना शंभर मीटरची हद्द आहे. सोपाननं शंभर मीटर पावलांनी मोजले आणि तिथे उभा राहिला. दुपारी पंप सुरू झाल्याचा आवाज तिथपर्यंत आला.

मग तो मंडळाच्या कार्यालयात जाऊन आठ दिवस बाकावर बसला. कारकुनानं त्याला शांतपणे समजावलं की बालगृहात मुलं राहतात, कर्मचारी राहतात आणि तिसरं कुणी राहत नाही. कर्मचाऱ्यांच्या नात्यातलं मूल तिथे चालत नाही, म्हणून तुम्हाला नोकरीही देता येणार नाही. नवव्या दिवशी सोपाननं कोरा कागद मागितला आणि तिथेच बाकावर अर्ज लिहिला.

‘प्रति, मा. सचिव, विभागीय बालमन मंडळ.

विषय: अर्जदारास अल्पवयीन घोषित करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा सध्या एक्केचाळीस वर्षांचा असून त्याचे कोणीही पालक हयात नाहीत. अर्जदार स्वतः दात घासतो व सांगितलेले ऐकतो. तरी अर्जदाराचे वय आठ वर्षे असे निश्चित करून त्यास कु. जुई सोपान खरमाटे हिच्याच इयत्तेत व हिच्याच बालगृहात प्रवेश मिळावा, आणि उभयतांस एकाच दिवशी सज्ञान करण्यात यावे. तोपर्यंत अर्जदार पुन्हा मोठा होणार नाही, याची हमी देत आहे.

सोबत: जन्मदाखला, मूळ प्रत. त्यातील वर्षाची दुरुस्ती आपल्या स्तरावर करून दाखला परत मिळावा, ही नम्र विनंती.’